चार गुण: जेफ्री हर्लिंग्सच्या हातून निसटलेलं २०१४ चं जगज्जेतेपद

पुण्याजवळच्या ट्रॅकवर शनिवार-रविवारी मी लहान मुलांना डर्ट बाइक शिकवतो. मुलाला पहिल्यांदा घेऊन येणारे आईवडील दोनच गोष्टी विचारतात. हाडं मोडतील का? आणि यातून पोराला नेमकं काय मिळेल? पहिल्याचं उत्तर मी लगेच देतो: हो, मोडू शकतात. दुसऱ्याला मी पूर्वी शिस्त, धाडस, आत्मविश्वास अशी तोंडपाठ यादी ऐकवत असे. आता त्याऐवजी त्यांना बाकावर बसवतो, चहा सांगतो आणि हॉलंडचा मोटोक्रॉस (मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या डर्ट बाइक शर्यती) रायडर जेफ्री हर्लिंग्स याचा २०१४ चा हंगाम सांगतो. वीस मिनिटं जातात. काही पालक ते ऐकून मुलाला घरी घेऊन जातात, काही थांबतात. दोघांचंही मला बरोबर वाटतं.

हे प्रकरण मी निवडलं ते एका कारणासाठी. यशाच्या कथांमधून मुलांचा स्वभाव कसा घडतो ते दिसत नाही, तिथे सगळं आधीच ठरल्यासारखं वाटतं. हर्लिंग्सच्या बाबतीत चूक कुठे झाली, ती कोणाची होती, तिची किंमत किती पडली आणि ती खरोखर समजायला किती वर्षं लागली, हे गुणतक्त्यावर वाचता येतं.

हर्लिंग्स १९९४ चा. नेदरलँड्सचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला बेल्जियमचा पट्टा म्हणजे मोटोक्रॉसची पंढरीच. तिथली माती म्हणजे वाळू. वाळूत गाडी हळू चालवली की पुढचं चाक रुततं, म्हणून तिथली मुलं लहानपणापासून एकच गोष्ट शिकतात: डळमळलं तरी थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी मूठ, सोडायचा नाही. आपल्याकडे मुरमाड, टणक ट्रॅकवर शिकलेल्या मुलाला हे पटवायला महिने जातात, कारण त्याचं सगळं अंग सांगत असतं की घसरलं की ब्रेक दाब. हर्लिंग्सच्या अंगात मात्र हे मुरलेलं होतं. २०१० मध्ये व्हाल्कन्सवार्डला, घरच्या वाळूत, त्याने एमएक्स-२ या २५० सीसीच्या जागतिक गटातली पहिली ग्रांप्री, म्हणजे जागतिक मालिकेची एक फेरी, जिंकली तेव्हा तो १५ वर्षांचा होता. आपल्याकडे या वयात मुलगा दहावीच्या क्लासला सायकलवर जातो. २०१२ ला तो जगज्जेता झाला, २०१३ ला पुन्हा झाला. दोन्हीही वयाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आधी.

अशा मुलाला धाडस शिकवण्याची गरज कोणालाच नव्हती. ते त्याच्याकडे उतू जात होतं. पालकांनी इथे जरा थांबावं असं मला वाटतं. खेळाने मूल धीट होईल म्हणून आपण त्याला आणतो, पण या खेळाकडे जी मुलं मनापासून ओढली जातात ती बहुतेक आधीच धीट असतात. त्यांच्यात कमी असते ती दुसरी गोष्ट.

पुढचं समजायला गुणांचा हिशेब माहीत हवा. जागतिक मालिकेत दर फेरीला दोन शर्यती होतात, प्रत्येक अर्ध्या तासाहून थोडी जास्त. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०, चौथ्याला १८, पाचव्याला १६, सहाव्याला १५ आणि तिथून एकेक कमी होत विसाव्याला १. म्हणजे तेव्हा एका फेरीतून जास्तीत जास्त ५० गुण मिळत. हंगाम सहसा वसंतापासून सप्टेंबरपर्यंत चालतो आणि शेवटी सगळ्यांची बेरीज होते. एखाद्या रविवारी तुम्ही किती भारी चालवलीत याला बेरजेत फारसा मान नाही. किती रविवार तुम्ही गेटवर, म्हणजे शर्यत सुटते त्या ओळीत, उभे राहू शकलात, याला आहे.

२०१४ च्या उन्हाळ्यात हर्लिंग्सची आघाडी शंभर गुणांच्या पुढे गेली होती. त्याने चालवलेल्या बहुतेक फेऱ्या त्यानेच जिंकल्या होत्या. सलग तिसरं जगज्जेतेपद ही केवळ औपचारिकता उरली होती. आणि हंगामाच्या उत्तरार्धात, दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात, तो एका धर्मादाय शर्यतीत उतरला. तिथे जागतिक मालिकेचे गुण नव्हते, क्रमवारी नव्हती. लोकांना आवडावं, चांगल्या कामाला पैसे जमावेत, एवढाच हेतू. तिथे तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं.

मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात मजबूत हाड. मनगट किंवा कॉलरबोन मोडलं तर मोटोक्रॉसवाले ‘सहा आठवडे’ म्हणून मोकळे होतात, घरात कॅलेंडरवर खूण करतात. मांडीच्या हाडाला तसं कोणी म्हणत नाही. मोटोक्रॉसमध्ये रायडर फारसा बसत नाही, बहुतेक वेळ उभा असतो. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) पाय, गुडघे टाकीला आवळलेले, आणि प्रत्येक जंपवरून उतरताना सगळा मार मांड्या झेलतात. तेच हाड मोडलेलं.

मुलांना हे सांगताना मी इथे नेहमी थोडा वेळ गप्प बसतो, कारण एखादा तरी पोरगा विचारतोच, "सर, पण तो तर चांगल्या कामासाठी गेला होता ना?" हो. हाच तर या प्रकरणाचा गाभा आहे. तो दारू पिऊन रस्त्यावर स्टंट करत नव्हता. त्याने वाईट काही केलं नव्हतं. चांगल्या मनाने केलेली गोष्टही ठरलेल्या कामाच्या आड येऊ शकते, आणि तेव्हा नाही म्हणणं फार जड जातं. वाईट गोष्टीला नाही म्हणायला मुलांना आपण शिकवतो. लग्नाला, वाढदिवसाला, गावच्या जत्रेला, मित्राच्या हट्टाला नाही म्हणायला आपण शिकवत नाही. तसं म्हणणारं मूल आपल्याकडे शिष्ट ठरतं.

आता दुसरी बाजू. त्याच कंपनीच्या, केटीएमच्याच संघात जॉर्डी टिक्सिए नावाचा फ्रेंच रायडर होता, हर्लिंग्सपेक्षा दोन वर्षांनी मोठा. हर्लिंग्सच्या सावलीत त्याची चर्चा फारशी होत नसे. हर्लिंग्स बाहेर बसला तशी टिक्सिएसमोर एक बेरीज मांडली गेली: उरलेल्या प्रत्येक फेरीत भरपूर गुण मिळवले तर गाठता येईल. त्याने ते केलं. एका झेपेत नाही, फेरीमागून फेरी. मेक्सिकोतल्या शेवटच्या फेरीपर्यंत शंभराच्या वरची ती आघाडी एका फेरीतल्या ५० गुणांच्या साधारण निम्म्यावर आली होती. टिक्सिएबद्दल मी मुलांना मुद्दाम सांगतो. शंभर गुणांनी मागे असतानाही रोज सकाळी उठून सराव करणं, संघातला तारा दुसराच आहे हे माहीत असून आपली गाडी नीट लावून ठेवणं, यालाही खेळातला स्वभावच म्हणतात. त्याचं चित्र कोणी भिंतीवर लावत नाही, एवढंच.

१४ सप्टेंबर २०१४, लेऑन, मेक्सिको. मांडीचं हाड मोडून दोन महिनेही झाले नव्हते आणि हर्लिंग्स गेटवर उभा राहिला.

मी त्या दिवसाची दृश्यं अनेकदा पाहिली आहेत. गेटमागची ओळ कशी असते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. शेजारच्या गाडीचं हँडल तुमच्या कोपराला टेकेल इतकं जवळ, सगळी इंजिनं एकाच वेळी किंचाळतात, कानात फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि लोखंडी गेट खाली पडलं की पहिल्या वळणापर्यंत सगळे एका फटीत शिरायला धावतात. त्या गर्दीत मोडलेल्या, नुकत्याच जोडलेल्या पायाने उतरायचं. त्याने दोन्ही शर्यतींना झुंज दिली. टिक्सिए पुढे राहिला. अखेरची बेरीज लागली तेव्हा जगज्जेतेपद टिक्सिएकडे गेलं होतं. फरक फक्त चार गुणांचा.

चार गुण म्हणजे नेमके किती? पाचव्या क्रमांकाच्या खाली प्रत्येक जागेमागे एकाच गुणाचा फरक असतो. म्हणजे मधल्या फळीत चार गाड्या. दोन शर्यतींत वाटल्या तर दर शर्यतीत दोन. किंवा सगळ्या हंगामातल्या एखाद्या कंटाळवाण्या दुपारी सातव्यावर धुळीत पडून अकराव्यावर येणं. ती चार गुणांची वाट फक्त मेक्सिकोतून जात नव्हती, ती मार्चपासूनच्या प्रत्येक फेरीतून जात होती. आणि त्या बिनगुणी शर्यतीतूनही.

आता या प्रकरणाचं विश्लेषण करायला बसलं की लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणतं: काय जिद्द! मोडक्या पायाने शर्यत! त्याचा व्हिडिओ मुलांना दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, असं व्हायला हवं. हे मला धोकादायक वाटतं. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्यातून एकच गोष्ट ठसते: दुखत असलं तरी सांगायचं नाही. आमच्या ट्रॅकवर एका मुलाने मनगट सुजलेलं असताना हातमोजे घट्ट चढवून तीन फेऱ्या मारल्या होत्या, कारण त्याला वाटलं सांगितलं तर घाबरट म्हणतील. सुजलेलं मनगट लपवणं हे शौर्य नाही, हे त्याला समजवायला मला संध्याकाळ लागली. चूक माझीही होती. त्याआधीच्या आठवड्यात दुसऱ्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याचं मीच सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

दुसरं टोक म्हणतं: त्याने मेक्सिकोला उतरायलाच नको होतं. हेही मला अर्धंच पटतं. जगज्जेतेपद अजून हातात असताना, डॉक्टर आणि संघ सोबत असताना, वीस वर्षांच्या व्यावसायिक रायडरने एक फेरी चालवून पाहायचं ठरवलं, यात मला वेडेपणा दिसत नाही. माझ्या मते निर्णयाची खरी जागा मेक्सिको नव्हती. तो निर्णय त्या आधीच्या शर्यतीच्या निमंत्रणाला हो म्हणताना झाला होता, जेव्हा गेटवर उभं राहायची भीती नव्हती, वेदना नव्हती, समोर फक्त एक हसरा रविवार होता. मुलांना मी हेच दाखवायचा प्रयत्न करतो. संकटात कसं वागायचं ते मोटोक्रॉसमधलं मूल आपोआप शिकतं, पडून पडून शिकतं. सगळं छान चाललेलं असताना स्वतःला कसं सांभाळायचं, हे मात्र कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

आणि इथे गोष्ट संपली असती तर ती छान धडा झाली असती: मुलाची चूक झाली, किंमत मोजली, शहाणा झाला. तसं झालं नाही. २०१५ मध्ये हर्लिंग्स पुन्हा आघाडीवर होता, पुन्हा मोठ्या फरकाने. मग कॉलरबोन मोडलं, त्यानंतर खुब्याचा सांधा निखळला आणि हंगाम गेला. त्या वर्षीचा एमएक्स-२ चा जगज्जेता स्लोव्हेनियाचा टिम गायझर ठरला. दोन वर्षांत दोन जगज्जेतेपदं, दोन्ही हातात आलेली, दोन्ही दुखापतीने गेलेली.

मोठ्या माणसांना हे पचत नाही. एकदा किंमत मोजली की मूल शिकलं पाहिजे अशी आपली अपेक्षा असते. ‘मागच्या वेळी सांगितलं होतं ना’ हे वाक्य मराठी घरात जेवढ्या वेळा बोललं जातं तेवढं दुसरं कुठलं नसेल. पण वेगाची सवय आणि आपण कधी हरत नाही हा विश्वास, या दोन्ही गोष्टी अंगात इतक्या खोल असतात की एका मोडलेल्या हाडाने त्या सुटत नाहीत. ज्या थ्रॉटलने तुम्हाला पंधराव्या वर्षी ग्रांप्री जिंकून दिली तोच विसाव्या वर्षी तुम्हाला पाडतो. मग तो सोडायचा की धरायचा? याचं उत्तर प्रत्येक वळणावर वेगळं असतं. हे कळायला वेळ लागतो, आणि त्या वेळात शेजारच्या माणसांनी हात सोडायचा नसतो.

२०१६ ला त्याने एमएक्स-२ चं तिसरं जगज्जेतेपद मिळवलं. २०१७ ला तो ४५० सीसीच्या वरच्या गटात गेला. हंगाम सुरू होण्याआधीच हात मोडला, सुरुवातीच्या फेऱ्या जड गेल्या, तरी वर्षाअखेर तो इटलीच्या अँटोनियो कायरोलीच्या मागे दुसरा आला. हे दुसरं स्थान मला त्याच्या बऱ्याच विजयांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. ज्याने सतत जिंकलंय त्याला मधल्या फळीत राहून गुण वेचायचं काम त्या वर्षी करावं लागलं. टिक्सिएने २०१४ मध्ये केलेलं तेच काम.

२०१८ मध्ये त्याचा उलट बाजूचा दाखला मिळतो. वर्षाच्या २० ग्रांप्रींपैकी १७ त्याने जिंकल्या. त्याच वर्षी जूनमध्ये सरावात कॉलरबोन मोडलं, इटलीतली ओट्टोबियानोची फेरी तो चालवू शकला नाही, इंडोनेशियातल्या फेरीला परतला आणि जिंकला. घरच्या प्रेक्षकांसमोर आसेनला जगज्जेतेपदावर शिक्कामोर्तब झालं. एक फेरी बुडवूनही जगज्जेता होता येतं, हे त्या तक्त्याने त्याला आणि सगळ्यांना दाखवलं.

२०२० मध्ये इटलीतल्या फाएंझाला तो पुन्हा आघाडीवर असताना पडला. या वेळी मान. हातापायांची संवेदना काही काळ गेली होती. तो बरा झाला, पण हंगाम गेला. त्या वर्षीच्या बातम्या वाचताना मी आमच्या ट्रॅकवरच्या एका आईला फोन केला होता, कारण तिचा मुलगा हर्लिंग्सचा ८४ नंबर स्वतःच्या गाडीवर लावत असे आणि तो दोन दिवस जेवला नव्हता.

आमच्याकडे २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममधली मोटोक्रॉस. परदेशी रायडर पुण्याच्या मातीत उड्या मारताना हजारो मुलांनी पाहिले आणि पुढचे काही महिने माझ्याकडे चौकशीचे फोन थांबेनात. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या सर्किटवर, डांबरी रस्त्याच्या शर्यतीत, बंगळूरचा एक तेरा वर्षांचा मुलगा दगावला होता. ती मोटोक्रॉस नव्हती. पण हेल्मेट घालून गाडीवर बसलेलं लहान मूल तेच असतं, आणि त्याच्यासाठी निर्णय घेणारी मोठी माणसंही तीच असतात. या खेळात मुलाचा स्वभाव घडतो असं म्हणताना आम्ही मोठ्यांनी आधी आपला हिशेब दाखवायला हवा: ट्रॅकवर रुग्णवाहिका आहे का, पिवळा झेंडा दाखवणारा माणूस जंपच्या पुढे उभा आहे का, मुलाची उंची ८५ सीसीच्या मोठ्या गाडीची झाली आहे की बाबांच्या हौसेची. ६५ सीसीवर अजून वळणं नीट न घेणाऱ्या मुलाला ८५ वर बसवा म्हणून हट्ट धरणारे पालक मी दर वर्षी पाहतो. मुलं सहसा हट्ट धरत नाहीत. त्यांना आपल्या गाडीची लाज वाटायला लागते ती आपल्यामुळे.

हर्लिंग्सचं प्रकरण सांगायला लागल्यापासून मी एक पद्धत बदलली. पूर्वी शर्यतीच्या आधी मी मुलांना विचारायचो, तयार आहात का? आता विचारतो, आज कोणाला चालवायची नाहीये? सुरुवातीला कोणी हात वर करत नसे. मीच एकदा केला. पाठ धरली होती, म्हणून त्या दिवशी मी गाडीवर बसणार नाही, असं सांगितलं. पुढच्या रविवारी दोन हात वर आले. दोघांनाही मी फ्लॅग मार्शलबरोबर उभं केलं, पिवळा झेंडा हातात दिला. त्यातली एक मुलगी मला दुपारी म्हणाली, "सर, इथून जंप किती वेगळी दिसते." तिला पहिल्यांदाच कळलं होतं की पुढे कोणी पडलंय हे मागून येणाऱ्या रायडरला दिसतच नाही, झेंडा दिसतो. त्यानंतर ती पिवळ्या झेंड्याला कधीही उडी मारत नाही. हे मी तिला वर्षभर ओरडून सांगत होतो.

आणि हर्लिंग्स? २०२१ चा हंगाम. जुलैमध्ये नेदरलँड्सच्या ओस इथे खांद्याचं पातं मोडलं. पुढची चेक प्रजासत्ताकातली लोकेटची फेरी त्याने सोडली. ५० गुणांची संधी, चालवलीच नाही. त्यानंतरच्या लोमेलला, वाळूत, तो परतला. त्याने फार दिवस विश्रांती घेतली असं नाही, आणि त्याला शांत, सावध माणूस म्हणून रंगवणं खोटं ठरेल. पण एक फेरी सोडली. १० नोव्हेंबरला इटलीतल्या मांतोव्हाला शेवटच्या फेरीत तो, फ्रान्सचा रोमेन फेव्र आणि टिम गायझर असे तिघे अगदी थोड्या गुणांच्या फरकात उतरले होते. ती फेरी हर्लिंग्सने जिंकली आणि पाचव्यांदा जगज्जेता झाला.

फेव्रपेक्षा पाच गुणांनी.